तीन खुणा

एप्रिल लागला की आमच्या गेटला रोज एक कागद खोचलेला सापडतो. उन्हाळी शिबिर! रोबोटिक्स, कोडिंग, व्यक्तिमत्त्व विकास. आठवी ते दहावीसाठी, वातानुकूलित वर्ग, जागा मर्यादित. यंदाच्या एका कागदावर तर ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'तुमच्या मुलाच्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर आमच्याकडे आहे.' मी तो तिथल्या तिथे चुरगळला. शेजारची वैशाली कुंपणापलीकडून पाहत होती. म्हणाली, "ताई, तुम्ही इतकी वर्षं शिबिर चालवत होत्या, सांगा ना, आमच्या पोरीले कुठं टाकू?" मी म्हटलं, "टाक कुठंही, माझं काय जाते?" आणि आत येऊन उगाच भांडी आपटली.

बिचारी वैशाली. तिचा काय दोष? पण खरं सांगते, उन्हाळी शिबिर हे शब्द कानावर पडले की आजकाल माझं डोकं फिरतं. कारण त्या शब्दांमागून गजभिये सर येतात, पांढरा शर्ट, गळ्यात दुपट्टा, खिशात कांदा. आणि ते आले की मला काही सुचत नाही.

गजभिये सर आमच्या प्रताप नगरातल्या शाळेत विज्ञान शिकवायचे. मी चित्रकला. सर निवृत्त झाले, तरी मे महिन्यातले तीन आठवडे शाळेचा हॉल त्यांचाच असायचा. तेरा उन्हाळे त्यांनी शिबिर घेतलं आणि तेराही वर्षं हजेरी, पन्हं आणि पालकांशी भांडणं ही तीन खाती माझ्याकडे होती. तिसरं खातं मी विशेष आवडीनं सांभाळलं, हे कबूल करते. सकाळी साडेसहाला सुरू, दहाला घरी. नागपूरच्या मे महिन्यात दहानंतर दुसऱ्याचं पोर बाहेर ठेवायचं म्हणजे छातीच पाहिजे.

या शिबिरात सर काहीच शिकवत नसत. म्हणजे सांगत नसत. पोरांनी प्रश्न विचारला की म्हणायचे, "तुले काय वाटते?" पोरांनी काही उत्तर दिलं की विचारायचे, "कशावरून?" कोणी फारच अडलं, रडकुंडीला आलं, तर तीन खुणा द्यायचे. फक्त तीन. चौथी मागितली की हात मागे बांधून खिडकीपाशी जाऊन उभे राहायचे आणि वाट पाहायचे. दहा मिनिटं, वीस मिनिटं, कधी पूर्ण सकाळ. सरांइतकी वाट पाहू शकणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आणि 'बरोबर' हा शब्द तर त्यांच्या तोंडून तेरा वर्षांत एकदाही ऐकला नाही. पोरगं अगदी नेमकं बोललं, तरी सर नुसते डोळे बारीक करून पाहायचे आणि म्हणायचे, "कशावरून?" पोरांना पहिले दोन दिवस संताप यायचा. तिसऱ्या दिवसापासून ती घरी जाऊन आईबापांना तेच विचारू लागायची, आणि मग आईबाप संतापून माझ्याकडे यायचे.

धरमपेठेतले एक गृहस्थ असेच आले होते. मोठी गाडी, आवाज त्याहून मोठा. "मॅडम, कूलर पावसाळ्यात गार का करत नाही, हे माझा मुलगा तीन दिवस विचारतोय. तुमचे सर सांगत नाहीत. तुम्ही शिकवता तरी काय इथे?" मी पदर खोचून तयारच होते. पण सर मधे आले. आपला रुमाल माठाच्या पाण्यात बुडवून त्यांनी त्या गृहस्थांच्या मनगटावर ठेवला. "फुंका," म्हणाले. गृहस्थ फुंकायला लागले. मग त्यांना पोरांच्यात बसवलं. दहा वाजेपर्यंत तो माणूस खाली सतरंजीवर बसून आपल्याच मुलाशी हवेतल्या ओलाव्यावरून भांडत होता. दुसऱ्या दिवशी ऑफिस सोडून पुन्हा हजर. तिसऱ्या दिवशी माझ्या कानाशी येऊन म्हणतो, "मॅडम, तुम्हाला तरी उत्तर माहीत आहे का?" मी म्हटलं, "आहे. पण सांगणार नाही." काय बरं वाटलं होतं तेव्हा!

सरांना स्वतःलाही सूट नव्हती. तो खिशातला कांदा. आपल्याकडे ऊन लागू नये म्हणून ठेवतातच. एका वर्षी नववीतल्या एका पोरीनं त्यांना विचारलं, "सर, कांद्यानं ऊन लागत नाही, हे कशावरून?" सरांनी कांदा बाहेर काढला, उलटसुलट पाहिला. "माझी आजी म्हणे," म्हणाले. "आजी म्हणे म्हणजे कशावरून?" पोरगी हटेना. अहो, सरांचा चेहरा असा फुलला! दुसऱ्या दिवसापासून अर्ध्या पोरांच्या खिशात कांदा, अर्धी विनाकांद्याची. पाच दिवस येताजाता थर्मामीटर लावला. शेवटी सरांनीच फळ्यावर लिहिलं: फरक आढळला नाही, दप्तरांना मात्र वास आला. आणि सहाव्या दिवशी सर आले ते पुन्हा खिशात कांदा घेऊनच. मी म्हटलं, "सर, हे काय?" तर म्हणाले, "कुंदाताई, प्रयोग येगळा, आजी येगळी."

हीच आजी धम्मदीक्षा घेऊन गावी परतली, तेव्हा तिनं घरातले देव स्वतःच्या हातानं नदीत सोडले होते. "तवापासून आमच्या घरी कोणी म्हटलं, असंच असते, की आजी म्हणे, दाखव," सर सांगायचे. गाव नरखेडकडचं, संत्र्याच्या बागांमधलं. तिथं घडलेली दुसरी गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली, तीही मी खोदून विचारलं म्हणून. त्यांची धाकटी बहीण होती, सुमी. सर शेजारच्या गावच्या शाळेत जायचे आणि ही एवढीशी पोरगी उन्हातान्हात पायी त्यांचा डबा घेऊन यायची. एकदा तिनं विचारलं, "दादा, हिरीचं पाणी थंडीत गरम काहून रायते?" सर तेव्हा सहावीत. म्हणाले, "गप वं, असंच रायते." त्याच पावसाळ्यात सुमी तापानं गेली. "आता येते मले उत्तर," सर म्हणाले होते.

शिबिराचा सगळ्यात मोठा दिवस शेवटच्या आठवड्यात यायचा. आपल्याकडे मे महिन्याच्या अखेरीस एक दिवस भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. शून्य सावलीचा दिवस. तेवढ्या एका दिवशी पोरांना दुपारपर्यंत थांबवायचो. मैदानात काठी रोवलेली, पोरं टोप्या घालून गोल उभी, मी पन्ह्याचा कॅन घेऊन. सावली बोटभर, मग नखाएवढी, मग गेली! पोरं अशी किंचाळायची की शाळेसमोरचे रिक्षावाले आत डोकावायचे. सर काठीकडे पाहतच नसत. ते पोरांचे चेहरे पाहत.

आणि निरोपाच्या दिवशी प्रमाणपत्र. त्यावर ना श्रेणी, ना शाबासकी. सरांच्या अक्षरात एक प्रश्न, ज्याचा त्याला वेगळा. जो मुलगा सगळं उघडून ठेवायचा, त्याला लिहून दिलं होतं, 'जोडताना एक स्क्रू उरतो, तो कुठला?' अबोल पोरीला, 'तू गप्प असतेस तेव्हा कोणाशी बोलतेस?' रात्र रात्र जागून लिहायचे म्हणे. मोठी झालेली पोरं आजही तो कागद जपून ठेवतात, मला फोटो पाठवतात.

तर आता ज्यासाठी एवढं सांगितलं, ते.

बाराव्या वर्षी प्रमाणपत्रं वाटली आणि पोरांच्यात कुजबुज सुरू झाली. चोवीसच्या चोवीस कागदांवर एकच प्रश्न होता. 'विहिरीचं पाणी थंडीत गरम का राहतं?' पोरांनी लगेच अर्थ लावला. आपण सगळ्यांनी मिळून शोधावं, असं सरांना हवंय! त्यांनी ग्रुप केला, कोणी मामाच्या गावी विहिरीत थर्मामीटर सोडला, पालकांनी कौतुकानं फोटो टाकले. आणि मी? मी शहाणी एका कोपऱ्यात उभी राहून डोळे पुसत होते. मला वाटलं, सरांनी सुमीची आठवण सगळ्या पोरांना वाटून दिली. केवढा मोठा माणूस, म्हटलं. असं मला वाटलं, आणि मी घरी गेले.

तेराव्या वर्षी पोरं अकराच आली. बाकीची आयआयटीच्या फाउंडेशन क्लासला. मी चिडले, सर चिडले नाहीत. पहिल्या दिवसापासून सर जास्तच गप्प होते. प्रश्न विचारून खिडकीपाशी जायचे ते परत वळायचेच नाहीत. पोरांना त्यात नवल वाटलं नाही, कारण शिबिराची कीर्तीच तशी. एखाद्याचं नाव न घेता "तू सांग, तू" म्हणायचे, त्यातही काही वावगं दिसलं नाही. चौथ्या दिवशी दहा वाजले तरी कोणी उठेना. सेजल म्हणून नववीतली एक पोरगी होती, दोन वेण्या घालणारी. ती म्हणाली, "मॅडम, सर म्हणाले, आज शून्य सावली आहे. थांबायचं आहे." पहिल्याच आठवड्यात? माझ्या मनात आलं होतं. देवाशपथ आलं होतं. पण मी चित्रकलेची बाई, आणि ते गजभिये सर. मी पन्ह्यात बर्फ वाढवला.

बारा वाजले. मैदान तापलेलं, चपलेतून चटका लागत होता. काठीची सावली आखडत आखडत चार बोटं उरली. तिथंच थांबली. आणि मग वाढायला लागली. सर काठीकडे पाहत होते. पोरांकडे नाही, काठीकडे. सेजल गुडघ्यावर बसली, बोटांनी सावली मोजली आणि म्हणाली, "सर, आज नाही होणार. सावली उत्तरेला पडली, म्हणजे सूर्य अजून दक्षिणेला आहे. त्याले वर यायले अजून दोन-अडीच आठवडे लागतील."

सर म्हणाले, "कशावरून?"

आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या! सरांनी मुद्दाम चुकीचा दिवस सांगितला, आपण डोळे मिटून विश्वास ठेवतो का ते पाहायला! "सर, पकडलं तुम्हाले!" मीही टाळ्या वाजवल्या. वाजवता वाजवता माझं लक्ष सरांच्या तोंडाकडे गेलं. डोळे बारीक केलेले नव्हते. ते सेजलकडे बघत होते, आणि त्यांना खरंच कळलेलं नव्हतं. ते विचारत होते. माझे हात तसेच राहिले.

सर वही टेबलावर विसरून घरी गेले. हजेरीचा कागद त्यातच होता म्हणून मी ती उघडली. आतल्या पानांवर नावं लिहिलेली होती आणि प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी. 'सेजल: दोन वेण्या. डावखुरी. सोडत नाही.' अकराही पोरं होती. मग माझं नाव. 'कुंदाताई: निळी स्कूटी. पन्हं. रागीट.' मला आधी हसूच आलं. मग त्याच्या खालची ओळ वाचली. 'प्रमिला: घरात असते. हिरव्या बांगड्या. हिला विचारू नये, रडते.'

प्रमिला म्हणजे वहिनी. सरांच्या बायको.

मी तशीच निळी स्कूटी काढून त्यांच्या घरी गेले. सर आत झोपले होते. वहिनींनी वही पाहिली, मिटली, आणि पदरानं पुसून ठेवली. "दोन वर्षं झाले असतील, कुंदाताई. मले तरी कसं कळावं? चाळीस वर्षं संसार केला. भाजी कोणती आणू म्हटलं, तर म्हणत, तुले काय वाटते? पोरीचं लगन कुठं करायचं, तर म्हणत, तुले काय वाटते? यायनं मले कधी सरळ उत्तर देलं का? मंग आता यायले खरंच येत नाही, हे मी कशावरून ओळखू, सांगा ना?"

मीच चोवीस प्रमाणपत्रं पाहून डोळे पुसले होते. ज्या माणसाने शेकडो पोरांना कशावरून विचारायला शिकवलं, त्याच्याबद्दल आम्ही कोणी एकदाही तो प्रश्न विचारला नाही.

शिबिर बंद करू का, असं मी वहिनींना विचारलं. त्यांनी माझा हात धरला. "नका करू. त्या तीन आठवड्यांसाठीच उठून बसतात वर्षभर." म्हणून मी ते रेटलं. सरांच्या मागे उभी राहून पोरांची नावं मोठ्यानं घेत राहिले. मुख्याध्यापिकाबाईंशी खोटं बोलले. खऱ्या शून्य सावलीची तारीख स्वतः काढली, दोनदा तपासली. त्या दिवशी सावली नखाएवढी झाली, गेली, पोरं किंचाळली. सर माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी माझी बाही धरली आणि हळूच विचारलं, "कुठं गेली?"

पोरांनी ऐकलं. अकराही पोरं एकदम उत्तरं द्यायला लागली, भांडायला लागली, जमिनीवर आकृत्या काढायला लागली. त्यांच्या दृष्टीनं तो सरांचा सगळ्यात भारी प्रश्न होता. सरांनी माझी बाही शेवटपर्यंत सोडली नाही.

त्यानंतर मी काय काय केलं नाही! मी म्हणजे कोणतंही काम अडू न देणारी बाई. डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर चांगले होते, त्यांनी स्पष्टच सांगितलं की हे थांबत नाही, थोडं हळू करता येतं. मी अक्रोड नेले, बदाम नेले, कोणी ब्राह्मी सांगितली ती नेली. जुन्या शिबिरांचे फोटो चिकटवून दिले. डॉक्टरांवर ओरडले, फोन न उचलणाऱ्या एका जुन्या विद्यार्थ्यावर ओरडले, एकदा वहिनींवरही ओरडले आणि मग त्यांच्याच मांडीवर डोकं ठेवून रडले. पालकाशी भांडून पोराला शिबिरात आणता येतं, मुख्याध्यापकाशी भांडून हॉल मिळवता येतो. याच्याशी भांडायचं तरी कुठे जाऊन?

यंदा शिबिर नाही. मागच्या आठवड्यात पन्ह्याचा कॅन घेऊन सरांकडे गेले होते. सकाळचे नऊ, तरी ऊन मी म्हणत होतं. सर समोरच्या खोलीत कूलरपुढे बसले होते. पांढरा शर्ट इस्त्रीचा. खिशात कांदा, वहिनी आठवणीनं ठेवतात. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, चेहऱ्यावर हसू आणलं आणि विचारलं, "कोण?"

वहिनी सांगायला तोंड उघडत होत्या. मी म्हटलं, "थांबा वहिनी. तीन खुणा देऊ."

त्यांचा हात धरून खिडकीपाशी नेलं. दारात माझी निळी स्कूटी उभी होती. सरांनी पाहिली. काही नाही. मग पेला भरून पन्हं हातात दिलं. ते घोट घोट प्यायले. "गूळ हाय," म्हणाले. मला एवढा आनंद झाला! मग मी कमरेवर हात ठेवले आणि माझ्या ठेवणीतल्या आवाजात कडाडले, "काय हो सर, किती उशीर हा? पोरं खोळंबून राहिली ना तिकडे!"

सर मनापासून हसले. किती दिवसांनी. मग डोकं एका बाजूला कलवून माझ्याकडे पाहत राहिले. कूलरचा पंप तेवढा गुरगुरत होता. मी वाट पाहिली. वाट पाहणं मी त्यांच्याकडूनच शिकले होते.

"सुमी," सर म्हणाले. "सुमी होय ना वं तू? एवढ्या उन्हात पायी आली काय?"

तेरा उन्हाळ्यांत या माणसाने मला कधी तू म्हटलं नव्हतं.

"बरोबर," मी म्हटलं.

सरांचं हसू थांबलं. मान ताठ झाली. डोळे हळूहळू बारीक झाले, अगदी पूर्वीसारखे, आणि माझ्या चेहऱ्यावर स्थिरावले.

"कशावरून?"

वहिनी आत निघून गेल्या. मी रिकामा पेला हातात धरून उभी होते. सर हात मागे बांधून खिडकीपाशी जाऊन उभे राहिले, आणि वाट पाहू लागले.